बाईंनी घडवलेला पैलवान

वस्तादबाईंना कुस्तीचा मनापासून तिटकारा होता. तालमीची माती आणि तेल यांचा वास त्यांना लग्नापासून सोसला नाही. तरी घोरावाडी स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत पैलवान घडवणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून हे नाव. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई रोज दुपारी, मुलाने मागे ठेवलेल्या कुस्तीच्या व्हिडिओ गेमपुढे बसत. शेजारी म्हणून मी वायरी जोडायला गेलो आणि प्रेक्षक म्हणून राहिलो.

त्यांचा पैलवान एकच, त्यांचे यजमान आबा. आबा परंदवडीचे, तरुणपणी मावळातल्या जत्रांत कुस्त्या मारलेले. आता त्यांचं विसरणं बायकोच्या नावापर्यंत पोचलं होतं. बाईंनी जुन्या फोटोवरून गेममध्ये तरुण आबा उभे केले. फुटलेले कान, आखूड मान आणि लाल चड्डी, कारण लंगोट नावाची वस्तू गेमच्या कर्त्यांनी पाहिलेली नसावी. पडद्याकडे बघून आबा म्हणाले, "आरं, ह्यो तर मी." त्या दिवशी ते पोटभर जेवले. बाईंना एवढंच हवं होतं, की रोज एकदा तरी त्यांनी स्वतःला ओळखावं.

त्या गेममध्ये पैलवान येतो तो धूर, आतषबाजी आणि स्वतःच्या नावाचा जयघोष घेऊन. कुस्ती त्या मानाने थोडी. आमच्याकडच्या सत्कार समारंभांची मला आठवण येई. बाईंनी ते सगळं काढून टाकलं. "हे असे येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

पैलवान तयार झाला की तो आपला आपण लढतो. आपण फक्त त्याचा स्वभाव आकड्यांत ठरवायचा, म्हणजे कोणता डाव किती वेळा टाकेल, किती चिडेल. बाई प्रगतिपुस्तक भरावं तसं ते भरत. ठोसा, शून्य. डोक्यात खुर्ची घालणे, शून्य.

"तुम्ही आबांची कुस्ती पाहिली होती?" मी विचारलं.

"एकही नाही. पण यांना पाहिलंय."

परिणामी पडद्यावरचे आबा सभ्यपणे फेऱ्या मारत आणि खुर्चीचा मार खात. रोजची हार बघून खरे आबा ताटावरून उठू लागले.

"थोडी खुर्ची चालू द्या की यांनाही," मी सुचवलं.

"मग ते हे राहणार नाहीत."

त्याऐवजी त्यांनी आबांना हात न लावता समोरच्या पैलवानाचा जोर आणि अक्कल दोन्ही उतरवली. पुढच्या दुपारी पडद्यावरच्या आबांनी त्या धिप्पाड गड्याला सहज चीत केलं. बाईंनी घास पुढे केला. आबांनी तोंड फिरवलं.

"नुरा कुस्ती हाय ही."

आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. बायकोचं नाव गेलं होतं, ही नजर शाबूत होती.

"तुम्हीच जिंकलात की, आबा," मी म्हणालो.

"ह्यो मी न्हवं. समोरचा आपूनहून पाय देतोय. मी कदी नुरा खेळलो न्हाई. कोन वस्ताद हाय ह्याचा? फडात घिऊ नका त्याला."

वस्ताद शेजारीच घास धरून बसल्या होत्या.

बाईंनी लगेच सगळे आकडे पूर्ववत केले. मीही एकेक तपासला, चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी पडद्यावरचे आबा पूर्वीसारखे झुंजले आणि पूर्वीसारखेच आपटले. खरे आबा खुशीत जेवत होते. "पडला, पन लबाडी न्हाई केली गड्यानं," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "कोन हाय वो बाई ह्यो पैलवान? तुमच्या घरचा का?"

बाईंनी पुढचा घास त्यांच्यापुढे धरला.

"ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या.