गप्प झालेला वॉकीटॉकी

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा खाटेला खिळले होते. वसईच्या बंदरात आयुष्यभर तांडेल म्हणून बोट हाकलेला माणूस; बोट आता माझ्या चुलतभावाकडे गेली. बाबांकडे उरला एक जुना वॉकीटॉकी. बोटी किनाऱ्याजवळ आल्या की आमच्या भावकीच्या बोटींचं आपसातलं बोलणं त्यावर ऐकू यायचं आणि बाबा पडल्या पडल्या सगळ्यांना शिव्या घालायचे. तेवढाच त्यांचा दर्या. एक दिवस तोही गप्प झाला.

"बाय, तू कंप्युटरवाली. बघ ना जरा," बाबा म्हणाले. मी ऑफिसात पगारपत्रकं बनवते, पण आमच्या घरात कंप्युटरवालीने मिक्सरही दुरुस्त करायचा असतो.

सेटचा डिस्प्ले फुटलेला, बटणं मेलेली. आतले चॅनेल उडालेत का, ते लॅपटॉपला जोडूनच कळणार होतं. केबल मागवली. लॅपटॉप तिला ओळखच देईना. ड्रायव्हर टाकला, तर म्हणे केबलमधली चिप नकली. जुना ड्रायव्हर शोधून टाकला, तेव्हा पोर्ट दिसला, पण सेट उत्तर देईना. माझ्या नाकी नऊ आले. दर वेळी मी "आता लागेल हं" म्हणायचे आणि बाबा चांगल्या हाताने उशी सरकवून मान वर करायचे. ती वर आलेली मान बघून मला चीड यायची, कारण मला स्वतःलाच काही आशा वाटत नव्हती.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर लक्षात आलं, केबलची पिन सेटमध्ये पूर्ण जातच नाहीये. कडेचं प्लास्टिक सुरीने तासलं, पिन दाबली आणि चॅनेलची यादी स्क्रीनवर आली. आमचा चॅनेल जागच्या जागी होता. मी नंबर वाचून दाखवला.

"हाच आपला," बाबा म्हणाले.

म्हणजे सेट आतून धडधाकट होता. तरी बोटी परतायच्या वेळेला नुसती खरखर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी चुलतभावाला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि विचारलं, बोलत का नाही तुम्ही? त्याने आधी बाबांची तब्येत विचारली, मग म्हणाला,

"चॅनेल बदललाय आमी. जो दर्यावर येत नाय त्याच्याकडं चॅनेल ठेवायचा नाय. मासळी कुठं लागली ते गावभर होतं. नियम काकांचाच हाय ना."

"घरात पडलेला म्हातारा कोणाला सांगणार आहे?" मी ओरडलेच. "नवा नंबर दे, मी आत्ता भरते."

"काका बोलले तर देतो."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान उशीवर टाकली होती.

"देऊ नको," ते फोनकडे बघून म्हणाले. "मी असतो तर मीपन नसता दिला."

मला चुलतभावाचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त. केबल मात्र आता उत्तम चालत होती.