मेश्राम साहेबांची सही

मेश्राम साहेब सही करण्याआधी हात धुवायचे. मग मूळ दाखला डावीकडे, त्याची टाइप केलेली नक्कल उजवीकडे ठेवून दोन्हींवर एकेक फूटपट्टी लावायचे आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचे, स्वल्पविरामासकट. मध्ये कुणी शिंकलं तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. झेरॉक्स आमच्याकडे अजून यायचं होतं. अर्जाला दाखल्याची नक्कल जोडायची तर तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची 'खरी नक्कल' अशी सही लागे, आणि नागपूरच्या आमच्या अख्ख्या वस्तीत तसा अधिकारी हा एकच. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आम्हा पोरांची रांग लागायची आणि एका सहीला अर्धा तास जायचा.

कारकुनापासून चढत चढत ते त्या पदाला पोचले होते. भीती मात्र प्रत्येक पायरीवर बरोबर चढली होती. पत्र पेटीत टाकलं की पेटीच्या तोंडात बोटं घालून ते खाली पडलं का, हे चाचपायचे. ऑफिसचा चपराशी घरी निरोप घेऊन आला, तर आधी बूट चढवायचे आणि मग दार उघडायचे. "माणूस मरते गा, कागद नाही मरत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. साहेबांच्या मागचा ब्रह्मराक्षस हातात रजिस्टर घेऊन धावत असावा, असं आम्ही पोरं म्हणायचो आणि हसायचो.

माझं हसू थांबलं ते चौऱ्याहत्तर साली. मी मॅट्रिक झालो होतो, एनसीसीत नेमबाजीत पहिला आलो होतो, आणि खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीचा अर्ज घरी आणला होता. तिथून पोरगा अधिकारी होऊनच बाहेर पडतो, एवढं मला ठाऊक होतं. दुसरं काही व्हायचं माझ्या मनातच नव्हतं.

अडचण वयाची होती. गावच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारलीच नाही. पोरगा दिसतो केवढा ते पाहून सन टाकला, आणि सगळ्यांना लावायचे तशी एक जुलै लावून दिली. त्यामुळे कागदावर मी दीड वर्षानं मोठा झालो आणि अर्जाची वयोमर्यादा एका महिन्यानं ओलांडून बसलो. माझं खरं वय खरं तर आमच्यात कुणालाही सांगता आलं असतं. छप्पनच्या ऑक्टोबरात नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, त्या वेळी मी मायच्या पोटात होतो. पारशिवनीकडच्या आमच्या गावातून माणसं नागपूरला निघाली तेव्हा तिला सातवा महिना होता. तिचं गाठोडं ज्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं ते यादव मेश्राम, आमच्याच गावचे, तेव्हा कारकून होते आणि रजा काढून आले होते.

कोर्टाजवळच्या टायपिस्टला मी सांगितलं, मॅट्रिकच्या दाखल्याच्या नकलेवर सन पंचावन नको, छप्पन टाका. त्यानं मान वर न करता टाकून दिलं. मला दोन रात्री झोप लागली नाही. पण मनात एक आशा होती, की साहेबांना तर सगळं माहीतच आहे.

पाच दाखल्यांच्या पाच नकलांत ती मी चौथी ठेवली होती. पहिल्या तीन झाल्या. चौथीवर त्यांचं बोट 'जुलै'पाशी आलं. बोट पुढे सरकलं, थांबलं, मूळ दाखल्याकडे गेलं, परत आलं. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला. त्यांनी मागच्या पोरांना आज सह्या होणार नाहीत म्हणून घरी पाठवलं आणि मला आत घेऊन दार लावलं.

"हे काय करून आणलं गा सुधाकर?"

"साहेब, तुमाले तं माहीत हाय माह्यं वय. तुमीच होते ना मायसंगं."

"मले माहीत हाय. या कागदाले नाही माहीत."

"मंग कागदच खोटा हाय!"

"हळू बोल!" ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "अरे, पुढं मुलाखतीले असली दाखला मांगतील, तवा काय दाखवशीन? तू तं जाशीनच, संगं माही नोकरी बी जाईन. दोन लेकरं हायेत मले."

त्यांनी त्या नकलेचे बारीक बारीक तुकडे केले आणि पाण्याच्या बादलीत टाकून हातानं ढवळले. शाई सुटेपर्यंत ढवळत होते. मला त्यांचीच भीती वाटली.

मायला कळलं तेव्हा ती मला दोन रपाटे घालून सरळ त्यांच्याकडे गेली. "यादवभाऊ, खोटं नका करू. खरं तं लिहून द्या!" साहेब दोन दिवस आजारी पडले, पण तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर शिक्षण खात्याच्या कार्यालयात आले. टेबलावरच्या बाबूनं मायचं सगळं ऐकून घेतलं. अर्जाची मुदत संपायला सहा दिवस होते, आणि माझा जीव त्या बाबूच्या तोंडाकडे लागला होता.

"दीक्षेच्या वेळी पोटात होता, मान्य," तो म्हणाला. "पण साक्षीदार कोण?"

"हे काय भाऊ उभे हायेत. एका गावचे, एकाच शाळेतले."

बाबूनं कागद साहेबांपुढे सरकवला. "द्या लिहून. मग तुमच्या शाळेचं जुनं रजिस्टर मागवून घेऊ, सगळंच तपासून पाहू."

साहेबांनी पेन काढलं होतं. ते तसंच हातात राहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मले... नीट आठवत नाही."

माय त्यांच्याकडे पाहतच राहिली. ते भिंतीला धरून जिना उतरून गेले.

मुदत टळली. मॅट्रिकच्या दाखल्यावरची तारीख एरवीही बदलली नसती, असं पुढे मला जाणकारांनी सांगितलं. पण त्यानं जळजळ कमी झाली नाही. मी शिक्षक झालो. आठ वर्षं त्या ओसरीवर पाय ठेवला नाही. रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो, आणि तेही सायकलवरून उतरून मी जाईपर्यंत खाली मान घालून उभे राहायचे.

ब्याऐंशी साली ते निवृत्त झाले. समारंभाला मायनं मला ओढत नेलं. म्हणाली, "माह्यं गाठोडं उचललं होतं त्या माणसानं." वरिष्ठ अधिकारी भाषणात म्हणाले, "वयाच्या अठराव्या वर्षी सेवेत आलेले आमचे मेश्राम आज अठ्ठावन वर्षांचे होऊन..." पुढच्या खुर्चीवर साहेबांची म्हातारी आई बसली होती. तिला ऐकू कमी येई, म्हणून ती बोलायची मोठ्यानं. शेजारणीला म्हणाली, "अठ्ठावन काहून सांगून राहिले वं? माहा यादव पंचावनचा हाय. मास्तरानं वाढवून लिहिलं होतं त्याचं."

सगळे हसले. अधिकारीही हसले. साहेब हसले नाहीत. गळ्यात हार तसाच, त्यांनी आधी अधिकाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पेन्शनचे कागद धरून उभ्या असलेल्या बाबूकडे, आणि मग आईकडे. मी जागच्या जागी हिशेब केला. म्हणजे नोकरीला लागले तेव्हा ते पंधराचे होते, आणि अठराच्या आत सरकार कुणाला घेत नाही. आमची शाळा एक, मास्तर एक. माझ्यासाठी उघडलेल्या रजिस्टरात त्यांचंही पान निघालं असतं. चाळीस वर्षं हा माणूस त्या एका ओळीला भीत आला होता. आठ वर्षांचा माझा राग मला एकाएकी फार पोरकट वाटला, आणि माझे डोळे भरून आले.

चहाच्या वेळी ते गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले. माझा हात धरला. त्यांचा पंजा गार पडला होता.

"सुधाकर, बुढी काय बोलली... आयकलं का गा तू?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मले काहीच आयकू नाही आलं."

त्यांनी मायकडे पाहिलं. मायनं पदर सावरला.

"म्या बी नाही, भाऊ," ती म्हणाली.