कठड्यांचा भाव

ऑफिसात तिला सगळे कुकर म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी टाप कुणाची नव्हती. आधी नुसती धुसफुस आणि मग एकदम शिट्टी, हा तिचा खाक्या. बांधकाम कंपनीत टेंडरचे आकडे काढणं हे तिचं काम, आणि तेवढ्यापुरतं मात्र तिचं डोकं थंडगार असे.

आकडे काढायचे म्हणजे कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायची, विटांपासून नळाच्या तोटीपर्यंत. मग काँक्रीट किती, दारं किती, रंग किती, ते मॉडेलच मोजून देतं. त्यावर भाव चढवले की टेंडर तयार. सोय झकास, पण खोट अशी की काढलंय तेवढंच मोजलं जातं. काम चालू असताना मजल्याच्या कडेला लावायचे कठडे आणि खाली ताणायच्या जाळ्या इमारत झाल्यावर निघून जातात, म्हणून ते कुणी काढतच नाही. ते सगळं ‘किरकोळ’ या एका ओळीत, अंदाजपंचे. आणि टेंडर खेचून आणायचं म्हटलं की साहेबांची कात्री पहिली चालणार ती त्याच ओळीवर.

मागच्या कामावर कात्री अशीच चालली. कठड्यांच्या जागी दोरी बांधली, आणि गवंडीकाम करणारा तिचा सख्खा दादा तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. जीव वाचला, एवढंच. आता कूस बदलायची तरी वहिनीला हाक मारावी लागते. साहेब फळं घेऊन भेटायला आले आणि म्हणाले, “नशीब, दुसरं काय!” तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती.

एवढ्यात एका शाळेच्या इमारतीचं टेंडर निघालं. तिने मुकाट्याने प्रत्येक मजल्याला कठडे काढले, जाळ्या ताणल्या. आकडा फुगला तसे साहेब तरातरा तिच्या टेबलाशी आले.

“हे काय काढून ठेवलंय? आर्किटेक्टच्या नकाशात आहे का हे?”

“नकाशात नाही. पण माणसं वर चढणार आहेत ना?”

“अहो मॅडम, या आकड्यावर आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. पुसा ते.”

“मी नाही पुसणार. तुम्हीच पुसा.”

साहेबांनी माऊस ओढून घेतला आणि एकेका मजल्याचे कठडे पुसत सुटले. तिसऱ्या मजल्यावर मात्र ते थबकले. उघड्या कडेवर एक माणूस उभा होता. मॉडेलमध्ये शोभेला ठेवायला तयार माणसं मिळतात, त्यातला.

“हा कोण?”

“माझा दादा! यालाही पुसा की! याला काही भाव नाही, तुमच्या आकड्यात एका पैशाचा फरक पडायचा नाही!”

शिट्टी झाली होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांनी माऊस सोडला, “घाला काय घालायचं ते,” म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेले. तिने पुसलेले कठडे परत आणले. टेंडर तसंच गेलं.

आणि हातचं गेलं. कमी आकडा टाकणाऱ्या दुसऱ्याच कंपनीला काम मिळालं. “झालं समाधान?” साहेबांनी विचारलं. तिने दातओठ खाल्ले.

शाळा तिच्या घरच्या वाटेवरच उभी राहू लागली. एका संध्याकाळी तिने मान वर करून पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या कडेला नुसती दोरी, आणि दोरीवरून वाकून बादली ओढणारा एक माणूस.

“अहो, मागे सरका!” भर रस्त्यात ती किंचाळली.

“काय झालं, ताई?”

“तुमच्या मालकाने कठड्यांचे पैसे खाल्लेत, ते झालं! मागे सरका आधी!”

तो हसला. वेडी समजला असेल. पण सरकला मागे. घरी वहिनी वाट बघत असेल, हे तिला ठाऊक होतं. तरी त्याचं काम संपून तो खाली उतरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.