माझ्या तोंडचं इंग्रजी

“सुन नव्हे, सन! कुणाच्या घरची सून आणलीस वर्गात?”

इंग्रजीचे मास्तर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी हातात पुस्तक धरून उभी. दाराशी, सगळ्यांपासून लांब टाकलेल्या माझ्या गोणपाटावर. धड्यातला सूर्य मी इंग्रजीत वाचला होता. एवढाच गुन्हा.

“वाच पुढं.”

पुढं आई आली. मी ‘मुदर’ म्हणाले.

“मुदर! आयाची पोर ही. बटलरचंच इंग्रजी बोलणार.”

पुन्हा हशा.

माझी आई सोलापुरातल्या एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाकडं आया होती. महारवाड्यातून बंगल्यावर जाताना मला बरोबर न्यायची. साहेब आणि मडम विलायतेतल्या कुठल्याशा गिरणीगावचे. कपला ‘कुप’ म्हणायचे, कमला ‘कुम’. ‘कुम हिअर.’ ‘शुट द डोअर.’ मला तिथं कुणी मायेनं शिकवलं नाही. हुकूम ऐकता ऐकता ती भाषा कानात बसली.

मास्तरांचं इंग्रजी पुण्याचं. कॉलेजातलं.

त्या दिवसापासून पोरं मला ‘सून’ म्हणायला लागली. वाटेत, पाण्यापाशी, सगळीकडं. घरी येऊन मी आईजवळ रडले. आई म्हणाली, “म्हन की त्यो म्हंतोय तसं. शाळा सुटली तर माज्यावानी मडमंची पोरं धूत बसशील.”

मी ऐकलं तिचं. चुलीपुढं बसून ‘सन, सन’ घोकलं. माझ्याच जिभेची मला लाज वाटायला लागली होती.

मग शाळेत बक्षीस समारंभ झाला. पाहुणा कोण? आईचा साहेब. गळ्यात हार घालून तो बोलायला उभा राहिला. सोलापूरच्या ‘सुन’बद्दल बोलला. आपल्या म्हाताऱ्या ‘मुदर’बद्दल बोलला. मी मास्तरांकडं बघत होते. आता हसतील, मग हसतील. मास्तर हात जोडून उभे. साहेब गेल्यावर आम्हाला म्हणाले, “खरं इंग्रजी कानावर पडलं आज. भाग्य समजा.”

माझ्या अंगाची आग झाली. तेच शब्द. तेच उच्चार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाचायला उभं केलं. घोकलेलं ‘सन’ जिभेवर होतं. मी मुद्दाम ‘सुन’ म्हणाले. वर्ग हसला. मी म्हणाले, “मास्तर, काल साहेबपण सुनच म्हणाले. तुम्ही हसला न्हाई.”

मास्तरांनी छडी उचलली.

“साहेबाच्या तोंडी ते शोभतं,” मास्तर म्हणाले.

“आणि माझ्या?”

“तुझ्या तोंडी ते उष्टं आहे. माफी माग.”

उष्टं! आमच्या वाट्याला भाकरी उष्टी, कपडे उतरलेले. आता बोलणंही उष्टं. म्हणजे खोट माझ्या उच्चारात नव्हतीच. तोंड कुणाचं, एवढंच ते बघत होते. मी जन्मभर घोकलं असतं तरी त्यांना पुरलं नसतं.

“न्हाई मागणार.”

त्यांनी हातावर छड्या मारल्या आणि मला बाहेर काढलं. माफी मागेपर्यंत इंग्रजीच्या तासाला आत यायचं नाही, असं बजावलं. वर्षभर मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून शिकले. उन्हात, गार वाऱ्यात. परीक्षा पास झाले. मास्तरांनी निकाल सांगताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माफी मी तेव्हा मागितली नाही, आजही मागणार नाही. साहेबानं ही भाषा मला हुकूम म्हणून ऐकवली, मास्तरांनी छडी म्हणून. दोघांनाही न विचारता मी ती घेतली आहे. आता कचेरीत, सभेत, जिथं आमच्या हक्काची गोष्ट निघेल तिथं मी तीच बोलणार. हसायचं त्यांनी हसावं. मी वाक्य पुरं केल्याशिवाय खाली बसणार नाही.