ओटीपी न देणारा माणूस

निवृत्त झाल्यावर नोकरीतली बरीच प्रकरणे अंधूक झाली. रत्नागिरीतल्या माझ्या शेवटच्या नेमणुकीतले हे एक मात्र अजून लख्ख आठवते. त्यात कोणाला अटक झाली नाही की कोणावर दोषारोपपत्र गेले नाही. बढतीच्या वेळी सांगण्यासारखे तर काहीच नव्हते. तरी ते आठवले की बरे वाटते.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदाराने एका वयस्कर गृहस्थांना माझ्याकडे पाठवले. भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांना मी इथे नुसते 'सर' म्हणतो. निवृत्तीनंतर सरांनी सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर फिरून तिथली जुनी कोरीव चित्रे शोधायचे काम हाती घेतले होते. हत्ती, मासे, माणसांच्या आकृत्या. प्रत्येकाचे मोजमाप घेऊन फोटो काढायचे आणि ते आपल्या ऑनलाइन खात्यात जपून ठेवायचे.

"दीड वर्षापूर्वी माझा फोन फेरीबोटीतून उतरताना खाडीत पडला," सर म्हणाले. "नवीन घेतला, नंबरही नवा. पासवर्ड मला पाठ आहे, पण खातं उघडत नाही. कोड जुन्या नंबरवर जातो."

"मग तो नंबर?"

"तो रिचार्ज करायचा राहिला आणि बंद पडला. खातं चालवणाऱ्या कंपनीला विनंती केली, तर दोनदा नाकारली. पण मी आलोय ते वेगळ्याच कारणाने. हे बघा."

त्यांनी नवा फोन पुढे केला. व्हॉट्सॲपमध्ये त्यांच्या जुन्या नंबरावर आता एका अनोळखी माणसाचा फोटो दिसत होता. मिशीवाला, जेसीबीला टेकून उभा राहिलेला.

सर का घाबरले होते ते मला पुढे कळले. त्यांनी शोधलेल्या एका सड्यावर चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची खाण मंजूर होण्याच्या बेतात होती. त्यांनी हरकत घेतली होती. पण मधल्या काळात रस्त्याच्या कामाची माती नेमकी त्या चित्रांवर पडली होती. सोमवारी अधिकारी जागा पाहायला येणार होते, आणि मातीखाली काय आहे ते दाखवणारे फोटो फक्त त्या बंद खात्यात होते. अशात आपल्या नंबरवर जेसीबीवाला दिसला, तर कोणालाही शंका यावी.

"तुम्ही फोन लावून बघितलात?"

"लावला. 'परत फोन करू नका' म्हणाला आणि ठेवून दिला."

अर्ज दाखल करून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. सायबर कक्षातल्या महिला हवालदारांनी मोबाइल कंपनीकडून ग्राहकाची माहिती मागवली. नंबर देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणाऱ्या जेसीबी चालकाच्या नावावर होता. त्याला चौकशीसाठी बोलावले.

शुक्रवारी तो स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून आला. सिम घेतल्याची पावती, आधार कार्ड, सगळे सोबत होते. वर्षभरापूर्वी देवरूखच्या बाजारात दुकानातून नवा नंबर घेतला तो हाच. जो नंबर बरेच महिने बंद राहतो, तो कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. खाणीशी त्याचा संबंध नव्हता, तो विहिरी आणि शेततळी खणायचा. तासाभराच्या जबाबात कुठेही विसंगती आढळली नाही.

"मग सरांना 'परत फोन करू नका' असं का म्हणालास?"

"सायेब, वर्षभर लोक फोन करतायत. 'सर हायत का?' गुरुपौर्णिमेला तर काम करू देत नाय. मी म्हटलं, ह्यो आणि एक."

चोर नव्हताच. आता काम सोपे, असे मला वाटले. सरांना बोलावून घेतले, त्यांनी पासवर्ड टाकला, आणि चालकाच्या खिशातला फोन वाजला.

"कोड सांग," मी म्हणालो.

"नाय सांगणार."

मी जरा आवाज चढवून पुन्हा विचारले. त्याने फोन खिशात ठेवला आणि वर हात दाबून धरला.

"तुमीच सांगितलंत सायेब. देवरूखच्या कॉलेजात. मी ग्राउंड सपाट करायला आलो होतो, मागं उभा राहून ऐकलं. ओटीपी कोणाला द्यायचा नाय. ब्यांकवाल्याला नाय, आणि समोर पोलीस उभा राहिला तरी नाय."

सायबर जनजागृतीचे ते भाषण माझेच होते. हवालदारबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

कायद्याने मी त्याच्यावर सक्ती करू शकत नव्हतो, आणि करावीशीही वाटेना. तेवढ्यात त्या कोडची मुदत संपली. मी चहा मागवला आणि दोघांना समोरासमोर बसवले.

"आपण खात्री करून घ्या," सर त्याला म्हणाले. "काय विचारायचं ते विचारा."

चालकाने विचार केला. "तुमचा कोण विद्यार्थी बोटीवर हाय? सारखा फोन करतो. मी सर नाय म्हटलं तरी म्हणतो, सरांना निरोप द्या."

सरांनी क्षणभरही न थांबता नाव सांगितले. "नववीत नकाशा भरताना सगळे समुद्र हिरवे रंगवायचा. मी ओरडलो तर म्हणाला, आमचा केळशीचा समुद्र असाच दिसतो. काय निरोप होता?"

"मुलगी झाली त्याला. आणि तो म्हणाला, सर माझ्यावर नाराज हायत काय विचारा. सोता फोनवर येत नाय म्हणून."

सरांचा चहाचा कप तसाच हातात राहिला. फोन बुडाला त्यात फोटो गेले एवढेच त्यांनी धरले होते. इतकी माणसे आपल्याला हाका मारत होती, हे त्यांच्या गावीही नव्हते. ते चष्मा काढून रुमालाने पुसत बसले.

चालक उठला. "खातं ह्यांचंच हाय. सरांनी पासवर्ड टाकायचा, आकडा मी माझ्या हातानं टाकणार. आणि सायेब, तुमी जरा तिकडं बघा."

मी तिकडे बघितले. भिंतीवर फक्त बंदोबस्ताचा तक्ता होता, तो वाचत राहिलो. मागून सरांचा आवाज आला, "उघडलं."

हवालदारबाईंनी तिथल्या तिथे खात्याला नवा नंबर जोडून दिला, आणि अडीअडचणीला लागणारे राखीव कोड छापून सरांच्या हाती दिले. अहवालासाठी मी चालकाकडे तो मेसेज मागितला.

"काम झालं, मेसेज पुसला," तो म्हणाला. अहवालात मी तसेच लिहिले.

सोमवारी सरांनी फोटो आणि मोजमापे दाखवली. त्यावरून माती उपसायची ठरली. खाली जोडीने कोरलेले दोन मासे निघाले, आणि तेवढा कातळ खाणीच्या हद्दीतून वगळला गेला. बोटीवरच्या विद्यार्थ्याला सरांनी फोन केला की नाही, हे विचारायची गरजच पडली नाही. पुढच्या महिन्यात ते त्याने पाठवलेले पेढे घेऊन ठाण्यात आले. अर्धा पुडा देवरूखला पाठवायचा आहे, असे त्यांनी आधीच बजावले.

माझी सगळी नोकरी समोरच्याला बोलते करण्यात गेली. जो सांगत नाही तो लपवतो, असे आम्ही धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरे निघते. पण दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली, तर ती मागणाऱ्याची नीट ओळख पटेपर्यंत न देणारी माणसेही असतात. समोर वर्दी असली तरी त्यांचा निश्चय ढळत नाही. अधिकाराच्या खुर्चीवरून अशा माणसाचा राग येतो. पुढे ठाण्यात कोणी 'नाही' म्हणाला की मी आवाज चढवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारू लागलो: का नाही? उत्तर ऐकायला वेळ लागतो, पण त्या वेळेचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.