उलटतपासणीतला शेवटचा प्रश्न

पुरावा नसेल तर गोष्टच नाही, यावर माझं घर चालतं. पितृपक्षात आई कावळ्यासाठी पान ठेवायला गच्चीवर जाते, तेव्हा मी तिची टर उडवते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण झालं ते भर दुपारी, भरल्या कोर्टात.

मी अमरावतीची. निम्मी वकिली कौटुंबिक न्यायालयात, निम्मी फौजदारी, तीही आरोपीच्या बाजूनं. ही केस अकोल्याच्या सेशन कोर्टातली. सुनंदा ही पातूरकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली विधवा सून. सासूला विहिरीत ढकलून मारल्याचा आरोप. दोघींचा अबोला गावभर माहीत. आणि "वहिनीनं ढकललं, मी बांधावरून पाह्यलं" म्हणणारा साक्षीदार तिचाच सख्खा दीर. सुनंदाला जन्मठेप झाली असती, तर तिची लहान मुलगी ह्याच माणसाच्या घरात वाढणार होती. मला त्याची भयंकर चीड यायची, पण हाती काहीच नव्हतं.

उलटतपासणीत तो जराही हलला नाही. आमच्या धंद्यात एक पथ्य असतं – ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. आरोपीचा गळा त्यानंच आवळला जातो. मी ते कधी मोडलं नव्हतं. "एवढंच, साहेब," म्हणून मी खुर्ची मागे ओढली...

आणि माझ्या तोंडून निघालं, "माय तुया हाताले कावून चावली?"

आई तुझ्या हाताला का चावली, असं मी त्याला विचारलं होतं. आवाज माझाच होता. पण मी कोर्टात वऱ्हाडी बोलत नाही, साक्षीदाराला अरे-तुरे तर नाहीच. चावल्याचा तर कुठल्याच कागदात उल्लेख नव्हता.

दिरानं पटकन डावं मनगट झाकलं. न्यायाधीश साहेबांनी बाही वर करायला लावली. दातांचे जुने व्रण होते. तो कठड्याला धरून खालीच बसला.

"वावर माया नावानं कर मनलं तिले," तो पुटपुटला. "लोटलं तं दातानं धरलेला हात सोडूनच नव्हती रायली..."

सहकारी म्हणाले, व्रण तुला आधी दिसला असेल. अहो, पूर्ण बाह्यांचा शर्ट होता त्याचा, बटणं लावलेला.

सुनंदा सुटली त्या दिवशी मी तिला आवारात गाठलं. "चावल्याचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"मले काय माईत, बाई? मी तं घरी होती. मले वाटलं, तुमीच शोधून काढलं."

मी नकारार्थी मान हलवली. ती मुलीला कडेवर घेऊन रडायला लागली.

"जित्ती होती तवा मायाशी एक शबद नाई बोलली बुढी," ती म्हणाली. "मायाजवळ पानीसुद्धा मांगे नाई. अन् मायासाठी कोर्टात आली..."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मुलीला तिच्याकडून माझ्या कडेवर घेतलं.