अर्धं पान कोरं

१९ जून. रद्दीवाला यायच्या आत लातूरच्या कॉलेजातल्या वह्या बाहेर काढत होते. राज्यशास्त्राच्या वहीचं एक पान उघडलं आणि काम तिथंच थांबलं.

त्या तासाला सर ‘पॉलिस’ हा ग्रीकांचा शहरासाठीचा शब्द शिकवत होते. आधी उंचावरची गढी, मग तिच्याभोवतीचं शहर, शेवटी त्या शहराचा कारभार करणारी माणसं, असा तो अर्थ वाढत गेला. मग सर म्हणाले, “आपापल्या गावाचा नकाशा काढा.” मी आमची गढी, वेस, देऊळ काढलं आणि पेन ठेवलं.

शेजारी आमच्याच गावची संगीता होती. वाकून बघत म्हणाली, “लई भारी! आन् आमचा बुद्धवाडा कुठंय गं? पान संपलं का तुझं?”

पान अर्धं कोरं होतं. मी हसले. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसायला लागली. तेव्हा मला तिचाच राग आला होता.

आता ते पान टाकवेना, ठेववेना. घरात नुसत्या चकरा मारल्या. संगीता नांदेडला असते, एवढंच ठाऊक होतं.

२० जून. सकाळी गावाकडं फोन करून तिचा पत्ता मिळवला आणि नांदेडची एसटी पकडली. दार तिनंच उघडलं.

“घर सापडलं का गं तुला?”

“विचारत विचारत आले,” मी म्हणाले.